पाणंदीत अडकणारे ट्रक : अडकल्यावर काय करावे आणि पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करावे?

प्रश्न : द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

नमस्कार. आमचे गाव मुख्य रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत आहे. गावात येण्यासाठी दोन वाटा आहेत : फाट्यावरून एसटी येते तो डांबरी रस्ता, आणि ओढ्याकाठाने मळ्यांमधून येणारी जुनी पाणंद. काही वर्षांपूर्वी पाणंदीचे खडीकरण झाले आणि तेव्हापासून मोबाइलवरच्या नकाशात ती इतर रस्त्यांसारखीच दिसू लागली. पाणंदीने अंतर थोडे कमी भरते, म्हणून नकाशा प्रत्येक परक्या गाडीला तीच वाट दाखवतो. मोटारसायकल आणि पिकअपला त्याचा त्रास नाही. मात्र द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या हंगामात परराज्यांतून माल भरायला येणारे ट्रकही त्याच वाटेने आत शिरतात आणि ओढ्यावरच्या फरशीजवळ (बुटक्या, विनाकठड्याच्या पुलाजवळ) अडकतात.

गेल्या फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास एक रिकामा दहा चाकी ट्रक असाच आला. फरशी संपताच पाणंद डावीकडे काटकोनात वळते. चालकाने तोंड वळवून घेतले, परंतु मागचे चाक फरशीच्या कडेवरून खाली उतरले, गाडी कलली आणि आमच्या बागेच्या कोपऱ्यावरच्या खांबाला टेकली. खांब मोडला, त्याला आधार देणारा तारेचा ताण तुटला आणि दोन ओळींचा मांडव खाली बसला. गावाकडून फाट्यावर निघालेले चार पिकअप, त्यांत दिवसभर तोडलेल्या मालाचे क्रेट, पलीकडे अडकून पडले. आम्ही दोन ट्रॅक्टर लावून साखळीने ओढायचा प्रयत्न केला. साखळी तुटली आणि तिचा तुकडा ट्रॅक्टरच्या मडगार्डावर येऊन आदळला. माणूस वाचला हे नशीब. शेवटी पहाटे जेसीबी मिळाला तेव्हा गाडी निघाली. गावातील काही तरुणांनी चालकाला घेरून भरपाई मागितली. तो बिचारा दोन दिवस गाडी चालवत आलेला, त्याला आमची भाषा कळत नव्हती आणि आम्ही कशासाठी चिडलो आहोत हेही पुरते उमगत नव्हते. अखेर आमच्याच घरातून त्याला भाकरी दिली.

या हंगामातली ही तिसरी गाडी होती. अशी गाडी अडकल्यावर ती सुरक्षितपणे कशी काढावी, नुकसानीची भरपाई योग्य मार्गाने कशी मागावी आणि मुळात अशा गाड्या पाणंदीत येऊच नयेत यासाठी काय करता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर : ट्रकचालक, मिरज

बागायतदार साहेब, मी तेवीस वर्षे ट्रक चालवतो आहे आणि आपण वर्णन केलेल्या ठिकाणी मीही दोन-तीनदा फसलो आहे, म्हणून आधी चालकाची बाजू सांगतो. कोणताही चालक आपण होऊन पाणंदीत शिरत नाही. व्यापारी किंवा दलाल त्याला मोबाइलवर एक ठिकाण पाठवतो, आणि ते ठिकाण बहुधा बागेतलेच असते, कारण पाठवणारा माणूस त्या वेळी बागेत उभा असतो. नकाशा मोटारीच्या हिशेबाने वाट काढतो. मागे दहा चाके आहेत आणि हौदा तेवीस-चोवीस फुटांचा आहे हे त्याला ठाऊक नसते. आत शिरल्यावर वाट अरुंद होते तेव्हा परतावे असे चालकालाही वाटते, पण रात्रीच्या अंधारात क्लीनरशिवाय अर्धा किलोमीटर मागे येणे हे पुढे जाण्यापेक्षा अवघड असते. म्हणून तो पुढेच जातो.

आमच्यातील जुन्या चालकांनी शिकवलेली एक खूण आहे. अनोळखी वाटेवर वळण्यापूर्वी खाली उतरून वर पाहायचे. वाटेवर आलेल्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांद्या बारा-तेरा फुटांवर मोडलेल्या, घासलेल्या दिसल्या तर तेथून ट्रक जातात असे समजायचे. फांद्या अखंड खाली लोंबत असतील तर या वाटेने आपल्याआधी कोणी ट्रक नेलेला नाही. नकाशापेक्षा मी त्या फांद्यांवर अधिक विश्वास ठेवतो.

आता गाडी काढण्याविषयी. चाक खचले की चालक घाबरून एक्सिलरेटर दाबतो, आणि तिथेच काम बिघडते, कारण चाक जागच्या जागी फिरून आपलाच खड्डा खोल करते आणि शेवटी डिफ (मागच्या ॲक्सलचा मधला गोळा) जमिनीला टेकते. गाडी कललेली असेल तर सर्वप्रथम खालच्या बाजूची माणसे हटवावीत. मदतीला येणारे लोक नेमके त्याच बाजूला जाऊन खांदा लावतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. भरलेली गाडी असेल तर माल दुसऱ्या गाडीत घेतल्याशिवाय ओढू नये, मग त्यात चार तास गेले तरी चालतील. वरच्या बाजूच्या चाकांना दगडाची ओट लावावी, खचलेल्या चाकापुढची आणि मागची माती खोऱ्याने उतरती करावी, त्यात मुरूम, खडी किंवा फळ्या भराव्यात. उसाचे पाचट टाकू नये : त्यावर चाक घसरते, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ वाळलेले पाचट असणे हा वेगळाच धोका आहे.

ओढायचे झाल्यास गाडी जिकडून आत आली तिकडेच परत, म्हणजे बहुतेक वेळा मागे ओढावी. आडव्या बाजूने ओढल्यास कललेली गाडी उलटते. साखळी चेसिसच्या हुकालाच अडकवावी, बंपरला किंवा ॲक्सलला नव्हे. दोन ट्रॅक्टर लावले की दोघांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, एकाचा हिसका बसतो आणि साखळी तुटते. आपल्याकडे नेमके हेच झाले असावे. वायररोप असो वा साखळी, ती ताणलेली असताना तिच्या लांबीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणीही उभे राहू नये. खरे सांगायचे तर, कललेल्या गाडीला ट्रॅक्टर लावूच नये. जेसीबी किंवा हायड्रा क्रेन येईपर्यंत थांबावे.


उत्तर : निवृत्त कनिष्ठ अभियंता, कराड

वरील चालक बंधूंनी व्यवहार सांगितला आहे, मी मापे सांगतो, कारण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मापांतच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९३ प्रमाणे गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असू शकते, म्हणजे साधारण साडेआठ फूट, आणि बाजूचे आरसे त्याबाहेर असतात. आता आपल्या गावचा नकाशा पाहा. त्यात तुटक एकेरी रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फूट रुंद धरतात आणि तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. लांबी-रुंदीला एकेक साखळी धरली की एक गुंठा, अर्धी साखळी म्हणजे बैलगाडीची वाट आणि पाव साखळी म्हणजे माणसाची वाट. थोडक्यात, पायमार्गावरून ट्रक कागदावरसुद्धा जाऊ शकत नाही, तो तीन-चार इंचांनी मोठाच भरतो. उलट, आपली पाणंद गाडीमार्ग असेल तर तिच्यावरून एक ट्रक आरामात जायला हवा. तो अडकतो आहे, याचा अर्थ एक तर ती मुळात पायमार्ग आहे, किंवा गाडीमार्ग असून कालांतराने तिची रुंदी कुठे तरी गेली आहे. प्रथम गाव नकाशा काढून हे पाहावे आणि मगच पुढचे बोलावे.

वळणाचे गणित वेगळे आहे. लांब गाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत न येता आतल्या बाजूने कापत येतात. गाडी जितकी लांब आणि वळण जितके काटकोनी, तितकी ही कापणी मोठी. त्यामुळे सरळ रस्त्यावर बारा फूट पुरले तरी काटकोनी वळणावर तेवढेच बारा फूट अपुरे पडतात. ओढ्यावरच्या फरशीला लागूनच वळण असेल तर गाडीला आतल्या बाजूला जागाच उरत नाही, आणि फरशीच्या कडेला पांढरे रंगवलेले गाईडस्टोन नसतील तर रात्री चालकाला कड दिसतही नाही. आपल्या फरशीला ते आहेत का, हे कळवावे.

गावाच्या डांबरी रस्त्यानेही ट्रक बिनधास्त जाऊ शकतो असे समजू नये. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील एकेरी रस्त्याचा डांबरी भाग सर्वसाधारणपणे ३.७५ मीटर आणि फारच कमी वाहतूक असेल तर ३ मीटर असतो. दोन ट्रक समोरासमोर आले तर त्यांनाच ५.२ मीटर लागतात, तेव्हा दोघांनाही एकेक चाक साइडपट्टीवर उतरवावे लागते. कृष्णाकाठच्या पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यांत ही साइडपट्टी काळ्या मातीची असते. ती उन्हाळ्यात दगडासारखी दिसते, पण शेजारच्या उसाला पाणी दिले किंवा पाटाची गळती झाली की वरचा पापुद्रा कोरडा आणि खालचा थर लोण्यासारखा होतो. चालकाला वरचा पापुद्राच दिसतो. २०१८ पासून मागच्या जोड ॲक्सलवर २१ टनांपर्यंत भार कायदेशीर आहे; तेवढा भार त्या पापुद्र्यावर आला की काय होते, हे हंगामात रस्त्याने जाताना आपण सर्वजण पाहतोच. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, साधारण सोळा पट होते, हेही ग्रामपंचायतीच्या सभेत सांगण्यासारखे आहे.


उत्तर : ऊस उत्पादक, वाळवा तालुका

अभियंता साहेबांनी "रुंदी कुठे तरी गेली आहे" असे सभ्यपणे लिहिले आहे. ती कुठे गेली हे आम्ही शेतकऱ्यांनीच सांगायला हवे. आमच्या भागात दरवर्षी नांगरट करताना ट्रॅक्टरचा एक फाळ वाटेकडे सरकतो, बांध वितभर पुढे येतो, समोरचाही तेच करतो, आणि वीस वर्षांत बैलगाडीची वाट मोटारसायकलची होते. पुढे हंगामात ऊसतोड आली की आपणच मुकादमाच्या मागे लागतो : गाडी थेट फडात का आणत नाही, म्हणून. स्लिपबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, सांगतो की ट्रक फडात जाणार नाही, अंगद (ट्रॅक्टरची छोटी गाडी) लावावी लागेल. ते आपल्याला पटत नाही, कारण छोट्या गाडीच्या खेपा वाढतात आणि तोड लांबते.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेणे जवळजवळ अशक्य असते, हे अनेकांना ठाऊक नसते. मागची ट्रॉली सोडून, एकेक करून मागे घ्यावी लागते. गेल्या वर्षी आमच्या शिवारात समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांमुळे वाट दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत बंद राहिली होती. त्या काळात एका आजारी वृद्धाला बाजेवर घालून उसाच्या सरीतून मुख्य रस्त्यावर नेले. त्यानंतर भावकीने बसून हंगामापुरता एक नियम केला : भरलेली गाडी एका वाटेने बाहेर जाईल, रिकामी दुसऱ्या वाटेने आत येईल. कोणाचा आदेश नाही, कोणताही फलक नाही, तरी तो पाळला जातो, कारण न पाळणाऱ्याचा ऊस सर्वांत शेवटी तुटतो.


उत्तर : बागायतदार, पलूस

एवढा विचार कशाला करायचा? पाणंदीच्या तोंडाशी साडेआठ-नऊ फूट उंचीची लोखंडी कमान उभी करावी. पिकअप जाईल, ट्रक थांबेल. प्रश्न मिटला.


उत्तर : ट्रकचालक, मिरज

पलूसच्या दादांना विनंती आहे की, कमान उभी करण्यापूर्वी त्या वाटेने वर्षभरात काय काय येते त्याची आठवण करावी. उसाची ट्रॉली येते, कडब्याची गाडी येते, तिरुचेनगोडहून आलेली बोअरची गाडी येते, आणि आग लागलीच तर बंबही त्याच वाटेने यावा लागतो. बोअर मारायच्या दिवशी आपणच गॅस कटर घेऊन कमान कापायला जाल.


उत्तर : महसुली प्रकरणांचे काम पाहणारा, सातारा

कमानीबद्दल आणखी एक गोष्ट. सार्वजनिक वाटेवर गावाने परस्पर अडथळा उभारणे योग्य नाही. विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट प्रकारच्या वाहनांना मनाई करण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली राज्य शासनाला आणि शासनाने अधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, तर राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. म्हणून ग्रामसभेचा ठराव करावा, त्यासोबत वाटेचे मोजमाप आणि अडकलेल्या गाड्यांची छायाचित्रे जोडावीत, आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे फलक, गाईडस्टोन व वळणाच्या रुंदीकरणाची मागणी करावी. निव्वळ "रस्ता अरुंद आहे" असा अर्ज दिल्यास तो फायलीत पडून राहतो. "फरशीपाशी रुंदी अमुक, वळणावर तमुक, या तारखांना या गाड्या अडकल्या" असे लिहिले की त्याची दखल घ्यावी लागते.

अतिक्रमणाबाबत दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, परंतु अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नव्याने हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा लागतो. वर वाळव्याच्या बंधूंनी सांगितलेली वीस वर्षांची वितवितभर सरकणी पहिल्या प्रकारात सहसा बसत नाही; तिथे गाव नकाशाच्या आधारे मोजणी करून घेणे आणि दोन्हीकडच्या खातेदारांना समोरासमोर बसवणे, हाच मार्ग मी परिणामकारक ठरलेला पाहिला आहे.

भरपाईविषयी सांगायचे तर, चालकाला घेरून जागेवर पैसे घेणे कायद्यात बसत नाही आणि पदरातही फारसे काही पडत नाही. ट्रकच्या त्रयस्थ पक्ष विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान समाविष्ट असते. गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, गाडीचा क्रमांक आणि विम्याचा तपशील घ्यावा, ११२ वर कळवून पोलिसांत नोंद करावी, पंचनामा करून घ्यावा आणि मोडलेल्या मांडवाच्या दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो.


उत्तर : निवृत्त कनिष्ठ अभियंता, कराड

विषयाला धरूनच एक आठवण लिहितो. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची अवजड पाती घाटवाटेने वर नेताना पाहण्याचा योग मला आला होता. इतकी लांब गाडी त्या वळणांवरून जाईल यावर पाहणाऱ्यांचा विश्वास बसत नसे. मात्र गाडी निघण्याच्या कितीतरी आधी माणसे टेप घेऊन तो रस्ता पायी चालून गेलेली असत, वळणांच्या आतल्या बाजूला मुरूम टाकून रुंदी वाढवलेली असे, तारा कुठे आडव्या येतात याची नोंद घेतलेली असे. आपल्या गावात येणारा ट्रक त्या गाडीपुढे लहानच. त्याच्यासाठी ती वाट आधी कोणी चालून पाहिलेली नसते, एवढाच फरक आहे.

तारांचा उल्लेख आला म्हणून : रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि उच्चदाब तार ६.१ मीटर उंच असावी, असा नियम आहे. ओढ्याकाठचा एखादा खांब कललेला असेल तर झोळ खाली येतो. गाडी कलली असताना हौद्यावर चढण्यापूर्वी वर बॅटरी मारून पाहावी आणि शंका वाटल्यास आधी वायरमनकडून प्रवाह बंद करून घ्यावा.


प्रश्नकर्ता : द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आम्ही चार-पाच जण टेप घेऊन पाणंद चाललो. गाव नकाशात ती तुटक दुहेरी रेषेनेच आहे, म्हणजे साडेसोळा फूट तरी असायला हवी. प्रत्यक्षात फरशीवर साडेदहा फूट भरली आणि वळणावर, जिथे ट्रक टेकला, तिथे अकरा. गाईडस्टोन एकही नाही. आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही : वळणाच्या आतल्या बाजूला जो खांब मोडला, तो आणि त्याचा ताण, दोन्ही आमच्या वडिलांनी मांडव करताना वाटेच्या हद्दीत तीन फूट पुढे घेतले होते. मी इतके दिवस त्या चालकावर चिडून होतो. मोजणीत हे निघाल्यावर पावत्यांची फाइल उघडायचे धाडस झाले नाही.

माल संपला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी (हंगामानंतरच्या वेलींच्या छाटणीआधी) कोपऱ्यावरचे दोन खांब आणि ताण आत घेणार आहे. चार वेली जातील. समोरच्या शेतकऱ्याशी बोललो, त्यांनी "आधी तुमचे खांब हलू द्या" असे सांगितले, आणि ते रास्तच आहे. फरशीच्या गाईडस्टोनसाठी ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत ठराव घेत आहोत. व्यापाऱ्यांना बागेऐवजी फाट्यावरच्या एसटी थांब्याचे ठिकाण पाठवायचे आणि तेथपर्यंत माल पिकअपने न्यायचा, असे सोळा बागायतदारांनी मान्य केले आहे. पिकअपचे भाडे कोणी द्यायचे यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.


उत्तर : ट्रकचालक, मिरज

साहेब, भाड्याचे तुम्ही मिटवालच. फाट्यावरचे ठिकाण पाठवताना त्याच संदेशात "येथेच थांबावे, पुढे ट्रक जात नाही" एवढे हिंदीतही लिहावे आणि खाली गावातील एका माणसाचा फोन क्रमांक द्यावा, जो रात्री अकरा वाजताही उचलला जाईल. नाहीतर तिथे पोहोचलेला चालक फोन लागला नाही की पुन्हा नकाशा उघडतो.